पट्टी साफ आली तर

जाईबाई पायाळू आहेत. जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले, डोकं नंतर. अशा माणसानं दुखऱ्या पाठीला पाय लावला की चमक जाते, असं गावोगावी मानतात. डावा पाय, तीन वेळा, टाच न टेकवता. मंत्र नाही, अंगारा नाही, आणि पैसे घ्यायचे नाहीत. अमरावती जिल्ह्यात भातकुलीच्या अलीकडच्या त्यांच्या गावात हा पाय त्यांच्या लहानपणापासून चालू आहे. आता त्या साठीला आल्या आहेत आणि त्यांना या सगळ्याचा कंटाळा आला आहे.

कंटाळा हा शब्द त्या वापरत नाहीत. त्या 'भागली' म्हणतात. वऱ्हाडात भागणं म्हणजे थकणं. अंगण झाडून झालं की भागली, निंदणाहून परत आलं की भागली, नळावरून हंडा आणला की भागली. दारात कुणी कंबर धरून उभं दिसलं की आधी 'भागली रे बाप्पा' म्हणतात आणि मग चपलेतून डावा पाय बाहेर काढतात. हे इतकं सवयीचं झालं आहे की घरात कुणाचं त्याकडे लक्ष जात नाही. त्यांचा मुलगा ललित शेजारच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. तो म्हणतो, आई भागली म्हणाली नाही तर मला काळजी वाटेल.

त्यांना पहिलं बोलावणं आलं तेव्हा त्या परकर नेसत होत्या. एका शेतकऱ्याच्या घरून माणूस आला आणि पोरीला घेऊन गेला. घराच्या छपरीत म्हातारे मालक पालथे पडले होते. त्या छपरीची पायरी जाईबाईंच्या आईनं कधी चढलेली नव्हती. शेतात राबताना तहान लागली तर आई ओंजळ धरायची आणि पाणी वरून ओतलं जायचं. त्या दिवशी पोरीला सन्मानानं पायरी चढवली, मालकांच्या पाठीवर पाय ठेवायला सांगितलं आणि काम झाल्यावर ओंजळीत पाणी ओतून तिची बोळवण केली. हातानं भांडं बाटत होतं, पायानं पाठ बाटत नव्हती. जाईबाईंनी हे तेव्हाच पाहून ठेवलं. विचारलं तर सांगतात, आपणहून सांगत नाहीत.

त्यांच्या वडिलांना हा प्रकार आवडत नव्हता. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी घरातले देव उचलून पेढी नदीत सोडले होते. पुढं दारात पाठदुखीवाले यायला लागले तेव्हा ते म्हणायचे, "देव नदीत सोडले. आता पोरीचा पाय कुठं सोडू?" पण आलेल्या माणसाला परत पाठवणं त्यांनाही जमलं नाही. दुखणारा माणूस दारात उभा असतो, तेव्हा त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा पाय लावणं सोपं असतं. जाईबाईंनीही पुढं तेच केलं. लग्न गावातच झालं, त्यामुळं पाय गावातच राहिला. नवरा जानराव गेला, मुलगा नोकरीला लागला, पाय चालूच राहिला.

पायात काही गुण आहे असं जाईबाई स्वतः कधी म्हणाल्या नाहीत. नाही असंही म्हणाल्या नाहीत. चमक ही आपोआप जाणारी गोष्ट आहे हे त्यांनी शेकडो पाठींवरून पाहिलं होतं. कुणाची लगेच गेली, कुणाची दोन दिवसांनी. जाणारच होती ती गेली.

शालूच्या बाबतीत मात्र ती चमक नव्हती.

शालू ही त्यांची धाकटी बहीण. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत एका सूत कारखान्यात कामाला होती, अमरावतीला भाड्याच्या खोलीत राहायची. सुट्टीच्या दिवशी बहिणीकडे यायची. शेवटचे काही आठवडे ती आली की आधी आडवी व्हायची. मशीनपाशी उभं राहवत नाही, जिना चढला की दम लागतो, असं सांगायची. जाईबाईंनी तिला सांगितलं की मीही भागते, आपल्या घरच्या सगळ्याच बाया भागतात. एका रविवारी ती आली ती मान धरून. जबडा दुखत होता, पाठीत दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये दुखत होतं, मळमळत होतं. गल्लीतल्या डॉक्टरनं पित्ताची गोळी दिली होती. उन्हातून आलेली, पाठ घामानं ओली. जाईबाईंनी तिला पालथं झोपवलं आणि तीनदा पाय लावला.

शालू म्हणाली, हलकं वाटलं. अर्धी भाकर खाल्ली. दुपारच्या एसटीनं परत निघाली. अमरावतीच्या स्टँडवर उतरली, बाकावर बसली आणि तिथून उठली नाही.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं कागद भरून घेतले. जाईबाईंनी त्याला एकच प्रश्न विचारला, पायानं झालं का. त्याला आधी प्रश्नच समजला नाही. मग ललितनं सांगितलं. डॉक्टर हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "पायानं नाही झालं, मावशी. वेळ गेला."

मग त्यानं व्हरांड्यात उभ्या उभ्याच सांगितलं. हार्ट अटॅक म्हटलं की लोकांना छाती धरून कोसळणारा माणूस दिसतो. बायांनाही बहुधा छातीतच होतं, पण त्या त्याला दुखणं म्हणत नाहीत. जड वाटतं म्हणतात, दाबल्यासारखं म्हणतात. आणि पुष्कळ जणींना छातीपेक्षा पाठीत, मानेत, जबड्यात, खांद्यात नाहीतर पोटाच्या वरच्या भागात दुखतं. सोबत थंड घाम, मळमळ, धाप. त्याआधी काही दिवस, काही आठवडे, कारण नसलेला थकवा. बाया त्याला गॅस म्हणतात, पित्त म्हणतात, चमक म्हणतात आणि घरातलं काम उरकून मग झोपतात. अशा वेळी पहिल्या तासा-दोन तासांत दवाखाना गाठला तर पुष्कळ वाचतात, असंही तो म्हणाला. मग त्याला दुसरीकडे बोलावणं आलं.

जाईबाईंनी यातलं सगळं लक्षात ठेवलं असं नाही. त्यांच्या लक्षात दोन गोष्टी राहिल्या. एक, वेळ गेला. दुसरी तळपायाला आठवत होती. शालूची पाठ ओली होती, पण उन्हातून आलेल्या माणसाची पाठ गरम लागते. शालूची गार होती. पाय टेकवताना ते जाणवलं होतं. जाणवलं आणि सोडून दिलं.

त्यानंतर त्यांनी पाय बंद करायचं ठरवलं. ते जमलं नाही. माणसं येत राहिली. मग त्यांनी वेगळा मार्ग काढला. आलेल्याला आधी विचारायचं. कुठं दुखतं, काय उचललं होतं, वळलं की जास्त होतं का, घाम आला का, मळमळतं का. थोडीही शंका आली की पाय न लावता भातकुलीच्या सरकारी दवाखान्यात पाठवायचं. तिथं पट्टी काढून घ्या म्हणायचं. पट्टी म्हणजे इसीजीची कागदी पट्टी.

ललितनं टोमणा मारला की आता आई तपासणी फी लाव. त्यावर त्या म्हणाल्या, "मले समजत नाही म्हणूनच पाठवून राहिली. समजलं असतं तं शालू असती."

आणि त्यांना खरंच समजत नव्हतं. त्यांनी पाठवलेल्या बहुतेकांना काहीच निघालं नाही. खुशालराव या शेजारच्या शेतकऱ्याच्या बायकोला त्यांनी भर कापूस वेचणीच्या दिवसांत भातकुलीला पाठवलं. पट्टी साफ आली. डॉक्टरनं कमरेला मलम लिहून दिलं. खुशालरावांचा वेचणीचा एक दिवस बुडाला आणि त्यांनी ते गावभर सांगितलं. अशा चार-दोन गोष्टी झाल्यावर गावात बोललं जाऊ लागलं की जाईबाईंचा पाय आता चालत नाही, म्हणून त्या दवाखान्याचं निमित्त करतात. येणारे कमी झाले. जाईबाईंना त्याचं दुःख झालं नाही. त्या म्हणाल्या, बरं झालं, भागलीच होती.

हरभऱ्याच्या सोंगणीचे दिवस होते तेव्हा गोदाबाईंकडून बोलावणं आलं.

गोदाबाई म्हणजे महादेवरावांची बायको. ज्या छपरीत जाईबाईंनी लहानपणी पहिला पाय लावला तेच हे घर. पालथे पडलेले मालक महादेवरावांचे वडील. आता छपरीला टाइल्स बसल्या आहेत. गोदाबाई जाईबाईंपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या. घरात मुलगा श्याम, सून आकांक्षा. त्या दिवशी शेतात थ्रेशर लागला होता आणि मजुरांचं जेवण घरून जायचं होतं.

सकाळी उठल्यापासून गोदाबाईंची दाढ ठणकत होती. त्यांनी लवंग धरली. मग पाठीत सुरू झालं. आकांक्षानं मलम चोळलं, गॅसची पुडी पाण्यात घालून दिली. ती उलटीतून बाहेर पडली. गोदाबाईंनी घामानं भिजलेलं पोलकं बदलून पुन्हा चुलीपुढं बसकण मारली, कारण एवढ्या लोकांचं पिठलं सुनेच्या एकटीच्या हातानं होणार नाही असं त्यांचं मत होतं. दुसरं पोलकंही भिजलं. फेब्रुवारीत सकाळी पंखाही लागत नाही. महादेवरावांना आणि श्यामला कळवू नको असं त्यांनी सुनेला बजावलं. थ्रेशरचा दिवस आहे, चमक काय, जाईला बोलाव, एक पाय लावला की मोकळी.

जाईबाई गेल्या तेव्हा गोदाबाई छपरीत सतरंजीवर पालथ्या पडल्या होत्या. तोंड बाजूला करून म्हणाल्या, लवकर लाव, मजूर जेवणाचे खोळंबले.

जाईबाईंनी रोजचे प्रश्न विचारले नाहीत. या घरात त्यांना प्रश्न विचारायची सवय नव्हती. त्यांनी भिंतीला हात टेकला, चप्पल काढली आणि डावा पाय पाठीवर ठेवला. ठेवला तसा काढला. पाठ ओली होती आणि गार होती.

"बाई, उठून बसा," त्या म्हणाल्या. "तक्क्याले टेकून बसा. पाय नाई लावत मी."

मग त्यांनी विचारलं. गोदाबाईंनी वैतागून उत्तरं दिली. दाढ दुखते. उलटी झाली. पाठीत आतून कुणी मूठ दाबल्यासारखं वाटतं. वळलं तरी तेवढंच, न वळलं तरी तेवढंच.

"अन् छातीत?"

"छातीत काई नाई. जड हाये नुसतं."

जाईबाईंनी आकांक्षाकडं पाहिलं आणि एकशे आठला फोन लाव म्हणून सांगितलं. आकांक्षाच्या हातात फोन होता. सासूला न विचारता काही करायची त्या घरात पद्धत नव्हती. ती थोडा वेळ दाराच्या चौकटीत उभी राहिली, मग आत गेली आणि तिनं फोन लावला. पलीकडच्या बाईनं काय काय होतंय ते विचारलं. आकांक्षानं सगळं सांगितलं, जबड्याचं, घामाचं, उलटीचं. गाडी निघाल्याचं कळलं आणि रुग्णाला चालवू नका, अशी सूचना मिळाली.

दुसरा फोन तिनं नवऱ्याला केला. महादेवराव आणि श्याम एकाच मोटारसायकलवर आले, अंगावर हरभऱ्याचा भुसा. बायको तक्क्याला टेकून बसलेली, पायाळू बाई पायरीवर बसलेली आणि पाय अजून लागलेला नाही, हे महादेवरावांना पटेना. त्यांनी जाईबाईंना विचारलं, "काय वं जाई, आता पायाचेबी भाव वाढले का?"

श्यामनं खुशालरावांच्या बायकोची आठवण करून दिली. एका चमकेसाठी तिला भातकुली दाखवली होती. गोदाबाईही नवऱ्याच्या बाजूनं बोलू लागल्या. गावातल्या पोरीसोरींना पाय लावते, आमच्याच पाठीचं हिला वावडं. घरोघरी शिकलेली पोरं झाली की माणसं अशी वागतात. यातला अर्थ जाईबाईंना कळत होता. एरवी त्या उठून गेल्या असत्या.

एवढ्यात गाडीचा आवाज आला आणि वेगळाच पेच पडला. गोदाबाईंनी गाडीत बसायला साफ नकार दिला. त्या गाडीतून गावातला जो गेला तो आडवाच परत आला, असं त्या म्हणाल्या. सगळं गाव जमेल. थ्रेशर उभा राहील. आणि चमक आहे, एवढीशी चमक. गाडीतल्या डॉक्टरनं नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, आणि ताबडतोब निघायला हवं असं महादेवरावांना सांगितलं. महादेवराव बायकोकडं पाहू लागले. बायको जाईबाईंकडं पाहत होती. म्हणाली, पाय लाव, उतरलं नाही तर जाते गाडीत.

ही गोष्ट सोपी होती. तीनदा पाय लावायचा आणि गाडीत बसवून द्यायचं. जाईबाईंना ते सुचलं होतं. पण शालूही हलकं वाटलं म्हणाली होती. गोदाबाईंना हलकं वाटलं तर त्या गाडीत बसणार नाहीत आणि पुन्हा चुलीपुढं बसतील, हे त्यांना दिसत होतं. पाय लागण्यापेक्षा पाय लागू पडण्याची त्यांना भीती होती.

त्या पायरीवरून उठल्या. आवाज चढवला नाही.

"तुमाले पाय पायजे ना? मी संगं येते. भातकुलीले पट्टी काढा. पट्टी साफ आली तं तठीच पाय लावीन. माहा शब्द हाये."

गोदाबाईंनी थोडा विचार केला. आयुष्यभर त्यांनी शेतमालाच्या व्यापाऱ्यांशी सौदे केले होते. हा सौदा त्यांना बरा वाटला असावा. पाय तर सोबतच चालला होता. म्हणाल्या, "शब्द हाये ना? मंग चाल."

स्ट्रेचरवर पडायला त्या तयार झाल्या, मात्र तोंडावर पदर घेऊन. जाईबाई आणि श्याम गाडीत बसले. महादेवराव मागून मोटारसायकलवर. आकांक्षा पिठल्यापाशी राहिली, कारण मजूर जेवायचे होते.

भातकुलीच्या दवाखान्यात पट्टी काढली. तिथल्या डॉक्टर बाईंनी ती पाहिली, मोबाइलवर फोटो काढून अमरावतीला पाठवला, फोनवर दोन वाक्यं बोलल्या आणि सिस्टरला हाक मारली. गोदाबाईंना गोळ्या चावून खायला दिल्या, हाताला सुई लावली. हे करता करताच डॉक्टर बाईंनी कधीपासून दुखतंय ते विचारलं. गोदाबाई म्हणाल्या, आता दुपारपासून.

"सकाळपासून," जाईबाई म्हणाल्या. "उजाडल्यापासून दाढ दुखून राहिली त्यायची."

गोदाबाईंनी डोळे मिटून घेतले. दाढेचा आणि काळजाचा काय संबंध, असं श्यामनं विचारलं. डॉक्टर बाईंनी त्याला संबंध असतो एवढंच सांगितलं आणि अमरावतीला न्यायची तयारी करायला लावली. हार्ट अटॅक हा शब्द त्यांनी त्याला बाहेर नेऊन सांगितला. मोटारसायकलवरून पोचलेल्या महादेवरावांना तो श्यामनं सांगितला. ते दवाखान्याच्या कट्ट्यावर बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी डोक्यावरचा भुसा झटकला.

पुन्हा तीच गाडी, अमरावतीचा रस्ता. गोदाबाईंच्या तोंडावर आता ऑक्सिजन होता. त्यांनी मास्क जरा वर करून जाईबाईंना विचारलं, "साफ आली का?"

"नाई."

"म्हणजे पाय नाई."

"नाई."

गोदाबाईंनी मास्क खाली ओढला.

अमरावतीच्या दवाखान्यात बंद पडलेली रक्तवाहिनी उघडून तीत स्प्रिंग बसवली. गोदाबाई वाचल्या. पूर्ण वाचल्या असं म्हणता येणार नाही, कारण हृदयाचा काही भाग कायमचा कमजोर झाला. सकाळीच आल्या असत्या तर तो बहुधा वाचला असता, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी मागच्या काही महिन्यांबद्दलही विचारलं. गोदाबाईंना काही आठवेना. आकांक्षाला आठवलं. दिवाळीपासून सासूबाई शेतातून येताना अर्ध्या वाटेवर बाभळीखाली बसत होत्या. झोप लागत नव्हती. संध्याकाळी जेवण टाळत होत्या. विचारलं तर भागली म्हणायच्या. महादेवरावांनी त्याला आळस म्हटलं होतं, बायकोच्या तोंडावर म्हटलं होतं.

गोदाबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, भागली तर काय सांगायचं. भागत तर सगळेच असतात.

गावात या सगळ्याची जी गोष्ट झाली ती वेगळीच होती. आकांक्षानं वेळेवर लावलेला फोन तिच्यात नव्हता, डॉक्टर बाईंनी पाठवलेला फोटो नव्हता, चावून खाल्लेल्या गोळ्या नव्हत्या. गोष्ट अशी होती की जाईबाईंच्या पायाला मरण कळतं. पाठीला लावला आणि झटका बसल्यासारखा मागं घेतला. खुशालराव हे सगळ्यांत जास्त सांगत होते. पायाची पत पुन्हा वाढली. मूर्तिजापूरकडूनही एक कुटुंब गाडी करून आलं. जाईबाईंनी त्यांना पट्टी काढून या म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकलं, कारण आता तो पायाचाच एक विधी झाला होता. पट्टी काढायची, मग पाय. ललित म्हणाला, आई, अंधश्रद्धा तू दवाखान्यात नेऊन सोडली. जाईबाई म्हणाल्या, कुठंका जाईनात, दवाखान्यात जाऊन राहिले ना.

गोदाबाई घरी आल्यावर जाईबाई एकदा भेटायला गेल्या. छपरीत सगळे बसले होते. चहा आला. घरच्यांना कपबशीत, जाईबाईंना कागदी कपात. जाईबाईंनी तो प्यायला आणि कप चुरगळून पदरात ठेवला, बाहेर टाकायला. महादेवरावांनी त्यांना दोन शब्द चांगले सांगितले. उपकार झाले, असं म्हणाले. जाईबाई हो म्हणाल्या आणि उठल्या. उठताना एका हातानं खांब धरला आणि सवयीनं म्हणाल्या, भागली रे बाप्पा.

गोदाबाई लोडाला टेकून बसल्या होत्या. आता त्यांना फार हालचाल करू देत नव्हते. त्यांनी विचारलं, "कवापासून भागून राहिली तू?"

जाईबाई हसल्या. जन्मापासून, म्हणाल्या.

"मीबी असंच सांगे. बस खाली. पायरी चढून आली तं तुले दम लागला होता, मी पायलं."

जाईबाईंनी विषय टाळला. गोदाबाईंनी सोडला नाही. त्यांना दुसरं काही काम उरलं नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ त्या निरोप पाठवू लागल्या, जाईनं पट्टी काढली का. ललितला रस्त्यात थांबवून विचारलं. ललितला धक्का बसला तो या गोष्टीचा की इतक्या लोकांना भातकुलीला धाडणाऱ्या आईची पट्टी आजवर निघालेली नव्हती आणि हे घरात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यानं आईला तसं म्हटलं. जाईबाई म्हणाल्या, माझी पाठ कुठं दुखते. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, दम मात्र लागतो.

शेवटी गोदाबाईंच्या औषधांच्या दिवशी श्यामच्या गाडीतून दोघी भातकुलीला गेल्या. पुढच्या सीटवर गोदाबाई, मागं जाईबाई. रस्त्यात दोघींचं फारसं बोलणं झालं नाही. एकीला बोलताना धाप लागत होती, दुसरीला डुलकी लागली होती.

दवाखान्यात जाईबाईंना टेबलावर झोपवलं. सिस्टरनं छातीवर गार जेल लावलं, मनगटांना चिमटे लावले, मग लुगडं जरा वर सरकवून घोट्यांना. डाव्या घोट्याला चिमटा बसताच जाईबाईंनी पाय आखडून घेतला. त्या पायाला आजवर कुणी काही लावलं नव्हतं, तोच सगळ्यांना लागत आला होता.

"पाय हलवू नका आजी," सिस्टर म्हणाली. "पट्टी बिघडते."

जाईबाईंनी पाय ठेवला. छताकडं पाहत पडून राहिल्या. टेबलावर पाठ टेकल्यावर त्यांना बरं वाटलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. दिवसाउजेडी असं पडायला मिळत नाही.

पट्टी साफ आली. डॉक्टर बाईंनी तरी रक्त काढायला लावलं. अंगात रक्त फार कमी निघालं, इतकं कमी की एवढ्यावर या बाई निंदणाला कशा जात होत्या, असं त्यांनी विचारलं. रक्त कुठं जातं ते शोधायला आणखी तपासण्या लिहून दिल्या, गोळ्या लिहून दिल्या, आणि महिनाभर शेतात जायचं नाही असं सांगितलं. थकवा हे सांगण्यासारखं दुखणं आहे, असंही सांगितलं. जाईबाई मान हलवत होत्या. त्या शेतात जाणारच नाहीत असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात गोदाबाई बाकावर बसून होत्या. जाईबाईंनी त्यांना सांगितलं, साफ आली.

गोदाबाईंनी ऐकलं. मग बाकावर हळूहळू बाजूला वळल्या, पदर पुढं घेतला आणि पाठ जाईबाईंकडं केली.

"लाव," त्या म्हणाल्या. "पट्टी साफ आली तं लावीन म्हणाली होती. कोनाची थे नाई म्हणाली."

व्हरांड्यात माणसं होती. नंबर लावून बसलेल्या बाया होत्या, भातकुलीची ओळखीची मंडळी होती. जाईबाईंनी भिंतीला हात टेकला, चपलेतून डावा पाय काढला आणि अंगठा गोदाबाईंच्या पाठीला लावला. एकदा, दोनदा, तीनदा. पाठ कोरडी होती आणि कोमट होती.

"गेली का चमक?" त्यांनी विचारलं.

"चमक कवा होती," गोदाबाई म्हणाल्या, आणि उठायला त्यांनी हात पुढं केला.